भिंतीच्या मागे जाऊन पाहणारी माणसं

आजचा विषय थोडा नाजूक आहे. पण आपल्या कार्यक्रमात नाजूक विषय टाळायचे नाहीत, आवाज न चढवता बोलायचे, अशी आपली पद्धत आहे.

सुरुवात आपल्या घरापासूनच करूया. जुलै-ऑगस्टचे दिवस, एसी चोवीस तास चालू, आणि एका सकाळी हॉलच्या भिंतीवर ओल दिसते. दुपारपर्यंत पाण्याचा ओघळ येतो. आपण काय करतो? मेंटेनन्सवाल्याला फोन करतो. तो येतो, वरचं झाकण काढतो, ड्रेनच्या पाइपात फुंकर मारतो आणि म्हणतो, "पाइप तुंबलाय, साहेब." अर्ध्या तासात काम होतं. त्या ओघळापुढे मेणबत्ती लावावी असं कुणाच्या मनातही येत नाही.

आता तीच ओल, तोच ओघळ, पण भिंतीवर येशूचा क्रूस टांगलेला आहे असं समजा. पाणी क्रूसावरच्या येशूच्या पायांतून थेंब थेंब ठिबकतंय. मग काय होतं?

हे खरंच घडलं. मार्च २०१२, मुंबई, विलेपार्ल्याजवळचं इर्ला. तिथल्या वेलंकणी मातेच्या चर्चमधल्या क्रूसाच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. बातमी पसरली. लोक जमले, प्रार्थना सुरू झाल्या, काही जण ते पाणी भांड्यात धरून घरी नेऊ लागले. आजारी माणसाला एक घोट पाजावा, एवढीच त्यातल्या बहुतेकांची इच्छा. त्यांना हसू नका. घरात दुखणं असलं की माणूस कुठेही हात पसरतो.

एका वृत्तवाहिनीनं सनल एडामारुकू यांना बोलावलं. ते भारतीय विवेकवादी संघटनेचे अध्यक्ष. ते आले, त्यांनी पुढून नमस्कार करणाऱ्या गर्दीकडे पाहिलं आणि क्रूसाच्या मागच्या बाजूला गेले. भिंत ओली होती. जवळच एक स्वच्छतागृह होतं, त्याच्या सांडपाण्याचा मार्ग तुंबला होता आणि ते पाणी भिंतीत मुरत होतं. भिंतीतून ते लाकडात चढलं आणि पायांपाशी येऊन ठिबकू लागलं.

शाळेत आपण याला केशाकर्षण म्हणायचो. कंदिलाची वात तेलात बुडते तळाशी, पण जळते वरच्या टोकाला. तेल वर चढतं ते वातीच्या बारीक धाग्यांमधून. विटा, गिलावा आणि लाकूड यांतही तशाच बारीक वाटा असतात. म्हणजे लोक जे पाणी तीर्थ म्हणून घरी नेत होते, ते गटाराचं होतं. हे विज्ञानाचं कोडं नव्हतं, आरोग्याचा प्रश्न होता. ज्या आजारी माणसाला बरं करायचं, त्यालाच ते पाजलं जाणार होतं.

पुढची गोष्ट अधिक कडू आहे. टीव्हीवर वाद झाला. एडामारुकू यांनी पाइप दाखवला, आणि चर्च पैशांसाठी असे चमत्कार उभे करतं, असंही म्हटलं. चर्चच्या बाजूचं म्हणणं होतं की आम्ही याला चमत्कार म्हणून जाहीर केलेलंच नाही, आणि या बोलण्याबद्दल त्यांनी माफी मागावी. त्यांनी ती मागितली नाही. काही कॅथलिक संघटनांनी धार्मिक भावना दुखावल्याची तक्रार केली, भारतीय दंडविधानाच्या कलम २९५ अ खाली. हे कलम १९२७ सालचं, इंग्रजांच्या काळातलं. अटकेची शक्यता दिसल्यावर २०१२ च्या मध्यात एडामारुकू फिनलंडला गेले.

त्यांची भाषा बोचरी होती, हे मान्य करूया. भाविकाला ती लागली असेल, तेही मान्य. पण एक गोष्ट लक्षात घ्या. पाइप तुंबला होता की नव्हता, याचा निकाल कुणाची भाषा गोड आणि कुणाची कडू यावर लागत नाही. तो भिंतीच्या मागे जाऊन पाहिल्यावरच लागतो.

हे एकाच धर्माच्या वाट्याला आलेलं नाही, हेही आजच सांगून टाकतो. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितोय म्हणून आपल्यापैकी किती जण चमचा घेऊन रांगेत उभे होते? तिथेही पृष्ठताणच काम करत होता. सोंडेला टेकलेलं दूध ओढलं जाऊन मूर्तीवरून पातळ थरानं खाली उतरत होतं. ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या समुद्राचं पाणी गोड झालं म्हणून सगळ्या धर्मांचे लोक ते प्यायले. पावसाळ्यात मिठी नदी तिथेच समुद्राला मिळते, आणि ती मुंबईचा किती कचरा घेऊन येते ते मुंबईकराला सांगायला नको. तेव्हा आज बोलतोय ते ख्रिस्ती श्रद्धेबद्दल, पण बोट दाखवायला नाही. आरशात पाहावं तसं पाहूया.

आता खुद्द ख्रिस्ती परंपरा काय सांगते? अनेकांना वाटतं की चर्च म्हणजे चमत्कारांवर शिक्के मारणारं कार्यालय. कागदोपत्री गोष्ट उलटी आहे. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं ठरवलं की संतांच्या आणि त्यांच्या अवशेषांच्या भक्तीतून अंधश्रद्धा काढून टाकावी, आणि बिशपनं चौकशी केल्याशिवाय कुठलाही नवा चमत्कार मानू नये. फ्रान्समधल्या लूर्दला १८५८ पासून लोक बरे होण्यासाठी जातात. तिथे १८८३ पासून डॉक्टरांचं कार्यालय आहे. बरं झाल्याचे हजारो दावे आले. २०१८ पर्यंत चर्चनं चमत्कार म्हणून मानले ते ७०. आणि मे २०२४ मध्ये व्हॅटिकननं नवे नियम काढले. त्यानुसार, अशी एखादी घटना दैवी आहे असं बिशपनं सहसा जाहीरच करायचं नाही. फार तर, इथे भक्ती करायला हरकत नाही, एवढंच सांगायचं.

त्याहून जुनी गोष्ट दानिएलाच्या पुस्तकात आहे. कॅथलिक बायबलमध्ये ती चौदाव्या अध्यायात येते; प्रोटेस्टंट तिला मूळ ग्रंथाबाहेरची मानतात. बाबिलोनमध्ये बेल नावाच्या देवाची मूर्ती होती. रोज रात्री तिच्यापुढे पीठ, मेंढरं आणि द्राक्षारस ठेवायचा, आणि सकाळी सगळं फस्त. देवच खातो, असं राजाला वाटे. दानिएल हसला. रात्री देवळाच्या दाराला मोहोर लावण्याआधी त्यानं राजासमोर फरशीवर राख चाळून घेतली. सकाळी मोहोर जशीच्या तशी, अन्न गायब, आणि राखेत पावलं उमटलेली: पुरुषांची, बायकांची, लहान मुलांची. पुजाऱ्यांनी मेजाखाली चोरदार करून ठेवलं होतं, आणि सगळं कुटुंब रात्री जेवायला यायचं.

म्हणजे मंडळी, भिंतीमागचा पाइप शोधणारा माणूस बायबलमध्येच बसलेला आहे. आणि तो नास्तिक नाही, देवाचा भक्त आहे.

आता आपल्या मराठी मातीतली गोष्ट. पंडिता रमाबाई. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे, पुराणिक. लोकविरोध पत्करून त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि आईनं मुलीला. सारं कुटुंब तीर्थामागून तीर्थ फिरत राहिलं. व्रतं, उपास, दानधर्म. होतं नव्हतं ते पुण्यासाठी देऊन टाकलं. मग दुष्काळ आला. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी उत्तरेकडे गेले.

त्या भटकंतीतला एक प्रसंग रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मकथनात लिहून ठेवला. उत्तरेतल्या एका तीर्थाच्या तलावात सात तरंगते डोंगर होते. यात्रेकरू निष्पाप असेल तर डोंगर त्याच्याकडे चालत येतात, अशी ख्याती. लोक काठावर उभे राहत, दान देत, वाट पाहत. पाण्यात मात्र उतरायचं नाही, कारण मगरी आहेत, असं पुजारी सांगत. श्रीनिवास पहाटे, पुजारी उठण्याआधी, पाण्यात उतरला आणि पोहत त्या डोंगरांपर्यंत गेला. पाहतो तर तराफे. वर माती, झाडं लावलेली. आणि मागे एक लहान होडी. होडीतला माणूस तराफे ढकलायचा.

यातली मगर विसरू नका. लोक फसत होते ते केवळ तराफ्यामुळे नाही. तराफा जवळून पाहिला असता तर कुणीही ओळखला असता. फसवणूक टिकून होती ती मगरीच्या भीतीवर. जिथे जिथे जवळ जाऊन पाहायला मनाई असते, तिथे कुणीतरी मगर सांगितलेली असते.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात वादळ उठलं. ते आपल्याला माहीत असतं. पण पुढे इंग्लंडात काय झालं, ते फारसं सांगितलं जात नाही. ज्या जोगिणींनी त्यांना आश्रय दिला, त्यांची अपेक्षा होती की आता रमाबाईंनी चर्चची सगळी शिकवण मान तुकवून घ्यावी. रमाबाईंनी ती घेतली नाही. त्रैक्य म्हणजे नक्की काय? हे मतपत्र कुणी, केव्हा लिहिलं? ते खुद्द ग्रंथात आहे का? पत्रांमागून पत्रं गेली. एका पुरोहितवर्गाच्या जुवातून मोठ्या कष्टानं सुटले, ती दुसऱ्याच्या जुवाखाली मान द्यायला नाही, अशा आशयाचं त्यांनी स्पष्ट कळवलं. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती, त्यावरूनही वाद झाला. लॅटिन मलाही कळत नाही आणि माझ्या माणसांनाही नाही, मग ती भाषा संस्कृतपेक्षा पवित्र कशी, हा त्यांचा प्रश्न होता.

रमाबाई ख्रिस्तावरची श्रद्धा सोडून देत नव्हत्या. ती अखेरपर्यंत टिकली, वाढली. पण ज्या डोळ्यांनी त्यांनी तलावातले डोंगर पाहिले, तेच डोळे त्यांनी नव्या धर्मातही उघडे ठेवले. जुन्या घरातली जळमटं दिसणं सोपं असतं. नव्या घरातली दिसायला धैर्य लागतं.

आणि या धैर्याचा शेवट कुठे झाला? केडगावला, मुक्ती मिशनमध्ये. दुष्काळातून आणलेल्या, टाकलेल्या, विधवा झालेल्या शेकडो बायकामुलींना सांभाळता सांभाळता रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. कशासाठी? बायबलचं मराठी भाषांतर मुळावरून करण्यासाठी, साध्या बाईला वाचता येईल अशा मराठीत. छपाईही तिथल्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांनी केली. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या आणि पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. हेही मागे जाऊन पाहणंच. इंग्रजीतून आलेल्यावर थांबायचं नाही, मुळाशी जायचं.

आता कुणी म्हणेल, मग सगळे रीतिरिवाज अंधश्रद्धाच म्हणायचे का? इथे थोडं सांभाळून चालायला हवं, कारण अंधश्रद्धा हा शब्द सत्तेच्या हातात गेला की काय होतं, ते गोव्यानं पाहिलंय. तिथे १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षं सोडून, इन्क्विझिशन होतं. १४ एप्रिल १७३६ च्या त्यांच्या फर्मानात ख्रिस्ती घरांनी काय काय करू नये याची लांबलचक यादी होती. दारात तुळस नको. पुरुषांनी धोतर नको. लग्नातली गाणी नकोत. भात मिठाशिवाय शिजवायचा नाही, कारण हिंदू तसा शिजवतात! सांगा, अळणी भात खाऊन कुणाचं काय बिघडलं असतं? त्यात कुणी कुणाला फसवत नव्हतं. तो फक्त आजीचा हात होता.

आणि तो हात टिकलाही. मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन लग्नात आजही उंबराचं पाणी आणतात, गोव्यात नवरा-नवरीला नारळाच्या दुधाचा रोस लावतात. तेव्हा रीत वेगळी आणि भूल वेगळी. रीत माणसं जोडते, पण जगाबद्दल काही खोटं सांगत नाही. भूल खोटं सांगते, आणि वर म्हणते, तपासू नकोस.

महाराष्ट्राच्या कायद्यानंही हाच फरक धरला आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ज्या कायद्यासाठी ते कित्येक वर्षं झगडले, त्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळानं तो मंजूर केला. जादूटोणाविरोधी कायदा म्हणून आपण तो ओळखतो. तो कुठल्याही एका धर्माविरुद्ध नाही. प्रार्थनेला, पूजेला, वारीला, जत्रेला त्याचा हात लागत नाही. तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणं, लुबाडणं हा गुन्हा. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणं हा गुन्हा. आणि आपण राहतो त्या अमिरातीतही जादूटोणा आणि त्या नावाखाली चालणारी फसवणूक कायद्यानं गुन्हाच आहे, हेही लक्षात असू द्या.

आता हे सगळं खलिफा सिटीत बसून ऐकणाऱ्याला का सांगतोय? कारण परदेशात आपण थोडे अधिक हळवे होतो. गावाकडे आईचं दुखणं वाढलेलं असतं, आपण तीन तासांच्या विमानप्रवासाच्या अंतरावर, रजा मिळत नाही. अशा वेळी फोनवर एक व्हिडिओ येतो: अमुक ठिकाणी मूर्तीच्या डोळ्यांतून अश्रू आले, अमुक प्रार्थनासभेत पांगळा चालू लागला, हे तेल लावा, हे पाणी पाजा. आपण तो पुढे पाठवतो, कारण तेवढंच आपल्या हातात असतं.

प्रार्थना जरूर करा. मुसफ्फाच्या सेंट पॉल चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावा, घरच्या देवघरात निरांजन लावा. आईच्या कपाळाला तेलाचं बोट लावलं म्हणून तिचं काही वाईट होत नाही. पण कुणी म्हणालं, "आता इन्सुलिन बंद करा, गोळ्या घेतल्यात म्हणजे तुमचा विश्वास कमी पडतोय," तर तिथे थांबा. हीच ती मगर. औषधाची आणि देवाची भांडणं लावणारा माणूस तुम्हाला पाण्यात उतरू देत नाहीये. सुवार्तांपैकी एक लिहिणारा लूक परंपरेनं वैद्य मानला जातो, हे अशा वेळी आठवावं.

मुलांचंही तसंच. इथल्या शाळेतून सगळ्या देशांच्या, सगळ्या धर्मांच्या मुलांबरोबर शिकून ती घरी येतात आणि विचारतात, "बाबा, हे खरं आहे का?" आपल्याला घाई असते. आपण म्हणतो, "असं विचारू नये." मुलाला वाटतं, म्हणजे इथे काहीतरी लपवण्यासारखं आहे. त्यापेक्षा "मला माहीत नाही, चल, दोघं मिळून पाहू," असं म्हटलं तर काय जाईल? विचारल्यामुळे श्रद्धा गेली अशी घरं थोडी असतील. विचारू न दिल्यामुळे गेली, अशी मात्र बरीच सापडतील.

जाता जाता या भूमीतलीच एक गोष्ट. अबुधाबीच्या पश्चिमेला सर बनी यास नावाचं बेट आहे. १९९२ मध्ये तिथे जुन्या भिंती सापडल्या. आधी ते एखादं मोठं घर असावं असं वाटलं. संशोधक खोदत राहिले. १९९४ मध्ये गिलाव्यात घडवलेले क्रूस हाती आले आणि कळलं की हा ख्रिस्ती मठ आहे, सातव्या-आठव्या शतकाच्या सुमाराचा. आज आपण तो जाऊन पाहू शकतो.

या शोधात कुणी अश्रू ढाळणारी मूर्ती दाखवली नाही. माणसं उन्हात गुडघ्यांवर बसून ब्रशनं माती सारत होती. पण या वाळूवर कधीकाळी कुणीतरी दर्याकाठी बसून प्रार्थना केली होती, हे तेवढ्यानं सिद्ध झालं. जे खरं असतं, त्याला खोदणाऱ्याची भीती नसते. उलट, खोदल्यावरच ते वर येतं.

इर्ल्याच्या त्या भिंतीमागे जे सापडलं ते सांडपाणी होतं. सर बनी यासच्या वाळूखाली जे सापडलं ते देवाचं घर होतं. पाहण्याआधी कुणाला काय माहीत होतं? म्हणून म्हणतो, पाहायला घाबरू नका, आणि दुसरा कुणी पाहायला निघाला तर त्याची वाट अडवू नका. तो थोडा कडू बोलला तरीसुद्धा.

आणि हो, एसीचा ड्रेन उन्हाळ्याआधी एकदा साफ करून घ्या. पुन्हा भेटूया. नमस्कार.